पिंट्याचा डबा आणि नागपूरची पाहुणी

अहो वहिनी, जरा इकडे या. अजून जवळ या, कुंपणाला टेकूनच उभ्या राहा, त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे. ऐकलंत का? पिंट्यानं मोटेक घेतलं नाही!

नाही म्हणजे नाहीच. शनिवारी ऑर्डर देणार होता. घराच्या डिपॉझिटसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून काही हजार डॉलर काढणार होता. त्याच्या आईनं मला स्वतः सांगितलं होतं, "एकदाच घ्यायचं तर चांगलंच घ्यावं, नाही का?" अगदी कौतुकानं. जसं काही पोरगं मंगळसूत्र करायला निघालंय! गाडीचा ईसीयू तो, इंजिनाला हुकूम देणारा हाताच्या पंजाएवढा डबा. आणि आता कालपासून बाई गप्प. मी मुद्दाम कोथिंबीर मागायला गेले तर कोथिंबीर दिली, पण विषय काढला नाही. तेव्हाच म्हटलं, काहीतरी शिजलंय.

आता गाडी कोणती ते तुम्हाला सांगायला नकोच, रात्री अकराला ती गॅरेजात गुरगुरते तेव्हा तुमचीही झोप मोडतेच. ती पांढरी २००एसएक्स. जपानात सिल्व्हिया म्हणतात, एस१५. इथे ऑस्ट्रेलियात निसाननं २००० ते २००२ एवढीच विकली. दोन लिटरचं टर्बोवालं इंजिन, एसआर२०डीईटी, कंपनीतून १४७ किलोवॅटचं. अमेरिकेत अशी परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाल्याशिवाय सहजासहजी आणता येत नाही, तर २०२४ उजाडलं आणि एस१५चे तिथले दरवाजे उघडले. तेव्हापासून पिंट्याचा बाप दर महिन्याला भाव बघतो आणि "विकून टाक रे" म्हणतो. पिंट्या काही विकत नाही. आई म्हणते, "सून यायच्या आधी हीच घरात आली." म्हणते हसत, पण आतून… जाऊ द्या.

तर काय सांगत होते, त्या गाडीला पिंट्यानं आधीच मोठा टर्बो आणून ठेवलाय. गॅरेटचा. इंजेक्टरही मोठे. सगळं खोक्यांत, वॉशिंग मशीनच्या शेजारी. राहिला होता फक्त डबा. आता टर्बो मोठा लावला की जास्त हवा आत जाणार, जास्त हवेला जास्त पेट्रोल लागणार, ठिणगी कधी टाकायची तेही बदलणार. कंपनीच्या डब्यातला हिशेब कंपनीच्या टर्बोचा. मोठे इंजेक्टर लावून जुन्याच डब्यावर गाडी सुरू केली तर ती काळा धूर ओकेल नाहीतर बंद पडेल. म्हणून डबा हवा. इथवर आमच्या ह्यांनाही कळलं होतं, म्हणजे बघा.

भांडण झालं ते डबा कुणाचा यावरून. आणि झालं कुठे? तर गणपतीच्या जेवणात! त्यांच्याकडे दीड दिवसाचा असतो, सगळा गोतावळा येतो. आणि त्यांचा गोतावळा कसा, तुम्हाला ठाऊक आहे. थोरला जावई सिडनीचा. मावसभाऊ क्राइस्टचर्चचा, न्यूझीलंडहून खास आलेला. आत्याचा मुलगा ॲडलेडचा. आणि धाकटे काका इथलेच, मेलबर्नचे, ज्यांना जगातलं सगळं ठाऊक असतं ते.

आता गंमत ऐका. हे गाड्यांचे डबे करणारे जगात नाव काढलेले लोक, त्यांतले निम्मे आपल्याच अवतीभवती! हॅल्टेक सिडनीचं, १९८६ पासूनचं. मोटेक आपल्या मेलबर्नचं, त्यांच्या मागोमाग एका वर्षानं आलेलं. लिंक क्राइस्टचर्चचं. आणि नीस्ट्यून ॲडलेडचं. म्हणजे ज्याचं गाव त्याचा डबा! वरणभात वाढेपर्यंत चौघांची चार तोंडं. सिडनीचे जावई म्हणाले, "हॅल्टेक डोळे झाकून घे, सॉफ्टवेअर फुकट, इथली निम्मी ड्रॅगवाली मुलं तेच लावतात." मावसभाऊ म्हणाला, "लिंकचा प्लग-इन घे, कंपनीच्या डब्याच्या खोबणीत बसतो, वायरला हातसुद्धा लावायचा नाही." त्यावर काका हसले. ते हसणं तुम्हाला माहीत आहे ना, नाकातून? "सुपरकार्सच्या शर्यतीत काय असतं रे सगळ्या गाड्यांत?" म्हणे. "बॅथर्स्टला काय असतं? मोटेक. विषय संपला." आणि पिंट्याची आई लगेच, "भाऊजींना कळतं हो सगळं." झालं. मोटेक ठरलं. मोदक वाढले.

ॲडलेडचा बिचारा शेवटपर्यंत एवढंच म्हणत होता की अरे, कंपनीचाच डबा ठेव, त्यात नीस्ट्यूनचा छोटा बोर्ड डाग देऊन बसव, लॅपटॉप लाव, पेट्रोल-ठिणगीचा नकाशा बदल, काहीशे डॉलरांत काम. पण त्याचं कोण ऐकतं? तो अजून भाड्याच्या घरात राहतो ना.

आणि तेवढ्यात… ती.

अहो, ती नागपूरची! कोपऱ्यावरच्या देशमुखांकडे पाहुणी म्हणून आलेली. जेवायला बोलावण्यामागे पिंट्याच्या आईचा हेतू काय होता ते मी सांगायची गरज नाही. पैठणी नेसून आली होती, फार गोड दिसत होती, पानात मीठसुद्धा मागितलं नाही. मोनाशला शिकत असताना त्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या शर्यतीच्या गाडीच्या टीममध्ये होती, हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी विचारलं काय, तर पुरणपोळी येते का!

तर ही पोरगी हात धुऊन आली आणि अगदी सहज पिंट्याला म्हणाली, "गाडीचं काय करायचंय तुला?"

पिंट्या म्हणे, म्हणजे?

"म्हणजे रोज ऑफिसला न्यायचीय, का सँडाउनला ट्रॅकवर, का नुसती क्वार्टर माइल?"

आता पिंट्यानं काय सांगावं? "सगळंच," म्हणाला. ती हसली नाही हं. मला ते आवडलं. म्हणाली, "बरं. मग थंड इंजिन सकाळी पहिल्या चावीला सुरू व्हायला हवं, एसी लावला की बंद पडायला नको, सिग्नलला गाडी नीट उभी राहायला हवी. हे सगळं नवीन डब्यात कुणालातरी शिकवावं लागतं. कंपनीच्या डब्यात ते कंपनीनं आधीच करून ठेवलेलं असतं. नीस्ट्यूनवाले बरोबर तेवढंच वाचवतात." ॲडलेडच्या मुलानं मान वर केली पाहा, तासाभरात पहिल्यांदा!

पण लगेच तिनं त्याचंही विमान खाली आणलं. तिथेच तर मजा आली. म्हणाली, "पण कंपनीचा डबा हवा मोजतो ती एअर फ्लो मीटरनं. एवढ्या मोठ्या टर्बोवर मीटरचा काटा शेवटाला टेकतो आणि पुढची हवा त्याला दिसतच नाही. मग लोक ३००झेडएक्सचा मोठा मीटर लावतात. आणि तुझा तो ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह हवा बाहेर सोडतो ना?"

सोडतो! अहो सोडतो म्हणजे काय, तो "पश्शSS" आवाज सगळ्या गल्लीला पाठ आहे! तुमचा कुत्रा भुंकतो त्याच्यावर.

"मग मीटरनं मोजलेली हवा तू बाहेर फेकतोस," ती म्हणाली, "आणि डबा पेट्रोल टाकतो मोजलेल्या हवेचं. म्हणून गिअर बदलताना तुझी गाडी ठसकते." पिंट्याचा चेहरा असा झाला वहिनी… कारण गाडी ठसकते हे त्यानं बापालाही सांगितलं नव्हतं. तिनं न बघता ओळखलं! नवीन स्वतंत्र डबा घेतला तर तो मीटर काढूनच टाकतात म्हणे. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान बघून हिशेब करतो, त्यामुळे आवाज काढा नाहीतर काढू नका, त्याला काही फरक पडत नाही. आपल्याला पडतो, ते वेगळं.

काका मध्येच म्हणाले, "म्हणूनच मोटेक." ती म्हणाली, "काका, हे लिंकही करतं, हॅल्टेकही करतं. मोटेक उत्तमच आहे. पण एम१ मालिका घेतली तर डब्याचे पैसे वेगळे, आतल्या प्रोग्रॅमचे वेगळे, जास्तीचं लॉगिंग हवं तर त्याचंही लायसन्स वेगळं. शर्यतीच्या टीमकडे डेटा वाचायला माणूस बसवलेला असतो, त्यांना ते परवडतं." आणि मग तिनं विचारलं तो प्रश्न.

"ट्यून कोण करणार आहे?"

वहिनी, सगळे गप्प! पंख्याचा आवाज ऐकू येत होता. पिंट्यानं काकांकडे बघितलं, काकांनी जावयाकडे, जावयांनी ताटाकडे. काका शेवटी म्हणाले, "करतीलच की कुणीतरी, मोटेकवाले असतीलच." ती म्हणाली, "असतील. पण एसआर२० नेहमी करणारा, मोटेकवर हात बसलेला, तुमच्या इथून शनिवारी सकाळी जाता येईल असा कोण आहे? त्याला फोन केला का?" फोन! फोन कुणी केला होता? डबा ठरला, रंग ठरला, कुठे बसवायचा ते ठरलं, माणूसच ठरला नव्हता.

पैठणीचं ब्लाउजपीस कितीही भारी आणा, शिंपी धड नसला तर काखेत आवळतंच ना, तसंच हे. डब्यात मोकळे रकाने असतात. इतक्या फेऱ्यांना, इतक्या दाबाला किती पेट्रोल, किती आधी ठिणगी, बूस्ट म्हणजे टर्बोचा दाब किती. कंपनी एक सुरुवातीचा नकाशा देते, बेस मॅप म्हणतात त्याला, पण तो गाडी सुरू होऊन ट्यूनरच्या दारापर्यंत जावी एवढ्यापुरता. पुढचं सगळं तो माणूस डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, गाडी बांधून करतो. आणि ज्याला जो डबा नेहमीचा, त्यात तो अर्ध्या वेळात करतो, कारण कुठला रकाना कुठे दडलाय हे त्याला झोपेतही ठाऊक असतं. अनोळखी डबा नेला की तो शिकणार तुमच्या गाडीवर, तुमच्या पैशानं, तासाच्या दरानं.

हे मी नाही म्हणत हं, ती म्हणाली. मी दाराशी ताक घेऊन उभी होते म्हणून ऐकलं.

आणि मग तिनं पेट्रोल विचारलं. पिंट्याला ई८५ वर चालवायचीय म्हणे गाडी. ते इथेनॉलचं. इथेनॉल आतून थंड राहतं, नॉक म्हणजे इंजिनाची खडखड कमी करतं, म्हणून टर्बोवाल्या पोरांचा जीव त्याच्यावर. पण त्याला जवळजवळ तीस टक्के जास्त इंधन ओतावं लागतं. म्हणजे पंपही मोठा, इंजेक्टरही मोठे. आणि पंपावरच्या ई८५ मध्ये इथेनॉल किती ते नेहमी सारखं नसतं, म्हणून इंधनाच्या नळीत फ्लेक्स फ्युएलचा सेन्सर बसवतात, आणि डबा असा लागतो जो त्या सेन्सरचं ऐकून नकाशा आपणच सरकवेल. पोरगी म्हणाली, "डबा घेताना एवढं एक बघच. पण तुझ्या घराजवळ ई८५ चा पंप आहे का?"

नाहीये! पिंट्याला ते ठाऊक होतं. तरी म्हणाला, "कॅन भरून आणीन." आईनं डोक्याला हात लावला. इथेनॉलचे कॅन गॅरेजात, वॉशिंग मशीनच्या शेजारी! त्याच्या बापाचा तर घासच अडकला. तरी पुढचं राहिलंच. तिनं सहज विचारलं, "इन्शुरन्सला सांगितलंय ना, गाडीत बदल केलेत म्हणून?" बाप आईकडे, आई बापाकडे. पॉलिसी बापाच्या नावावर! बदल सांगितले नाहीत तर अपघात झाल्यावर कंपनी हात वर करायला मोकळी, हे काय नवीन आहे का? पण पोरानं सांगायला नको? आणि रस्त्यात पोलिसांनी बॉनेट उघडायला लावलं, ती पिवळी चिकटपट्टी, कॅनरी म्हणतात ना इथे, काचेवर लावली, की गाडी रस्त्यावरून बाद. दुरुस्त करा, तपासून घ्या, मोठे बदल असतील तर ते तपासणाऱ्या व्हॅसवाल्या इंजिनीअरचा कागद आणा. मागे त्या टार्नीटच्या मुलाचं झालं तसं.

अहो, त्या टार्नीटच्या मुलाचं तुम्हाला ठाऊक नाही? हात् तिच्या, मला वाटलं ठाऊक असेल.

त्यानं पैसे वाचवायला पिगीबॅक लावला होता. म्हणजे कंपनीचा डबा तसाच, आणि मध्ये एक चिमुकला डबा, जो हवेच्या मीटरचा संदेश वाटेत अडवून बदलतो. मिश्रणात पेट्रोल जास्त होत होतं, म्हणून त्यानं काय केलं, तर हवा कमी आली असं डब्याला खोटंच सांगितलं. पेट्रोल कमी झालं, बरोबर. पण डब्याला वाटलं इंजिनावर भारच कमी आहे, म्हणून त्यानं ठिणगीही लवकर टाकायला सुरुवात केली. आणि टर्बोनं तर हवा कोंबलेलीच. लवकर ठिणगी, भरपूर दाब, कमी पेट्रोल. खडखड सुरू झाली, तोच तो नॉक. गाणी मोठ्यानं लावलेली, त्याला ऐकू येईना. एका दुपारी निळा धूर. पिस्टनच्या रिंगांमधली भिंतच फुटली. इंजिन उघडलं तेव्हा त्याच्या वडिलांचा चेहरा… मी नव्हते तिथे, पण त्याची मावशी आमच्या भिशीत आहे. पिगीबॅक वाईट असं नाही म्हणायचं मला, पण खोटं बोलून चालवायचं काम, एक खोटं सांगितलं की दुसरीकडे पदर निसटतोच.

तर काय सांगत होते… हां, फोन. फोन त्याच रात्री केला पिंट्यानं. आधी नाही करायचा, पण पोरीसमोर नाक गेलं ना! लॅव्हर्टनकडे एक ट्यूनर आहे, नाव नाही सांगत, उगाच कुणाची जाहिरात कशाला. मंगळवारी पिंट्या गाडी घेऊन गेला. आणि कोण गेलं बरोबर? मी बघितलं स्वतः, पुढच्या सीटवर. ड्रेसवर होती, पैठणी नव्हती. पिंट्याची आई पडद्याआडून बघत होती आणि मी माझ्या पडद्याआडून तिला.

ट्यूनरनं आधी डब्याचं नावच काढलं नाही म्हणे. आधी बॉनेट उघडून वायरी बघितल्या. वीस-पंचवीस वर्षांची गाडी! उष्णतेनं प्लॅस्टिक कडक झालेलं, कॉइलजवळचे कनेक्टर हात लावताच तुटतात अशी अवस्था. मावसभाऊ म्हणत होता ना, वायरला हातसुद्धा लावायचा नाही? प्लग-इन डब्याचा फायदा तोच, जुन्याच वायरिंगवर बसतो, दुपारी लावला की संध्याकाळी गाडी सुरू. पण जुनी वायरच सडकी असेल तर नवा डबा त्या सडक्या वायरीचंच ऐकणार. ट्यूनर म्हणाला, प्लग-इनच घ्या, पण इंजिनाच्या बाजूचे कनेक्टर बदला आणि हे चार सेन्सर नवे बसवा.

सेन्सर कुठले, तर एक वाइडबँड. कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर साध्या चालण्यापुरता, हवा-पेट्रोल १४.७ ला एकच्या आसपास आहे की नाही एवढंच सांगणारा. टर्बो जोरात असताना पेट्रोल त्याहून बरंच जास्त, अकरा-बाराला एक असं ठेवतात, तिथे त्या जुन्याला काही दिसत नाही. मग तेलाचा दाब, पेट्रोलचा दाब, आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान. आणि डबा असा हवा जो हे चारही बघत राहील आणि काही बिनसलं की पोरानं पाय दाबला तरी इंजिन आवरून घेईल. तेलाचा दाब पडला, बंद. मिश्रण पातळ झालं, बंद. पिंट्याच्या बापाला एवढंच आवडलं सगळ्यात. "पोराचं नाही तर डब्याचं तरी डोकं चालेल," म्हणाले. आईला राग आला, पण हसली.

आणखी एक सांगितलं म्हणे त्यानं. हे एसआर२० इंजिन रॉकर उडवतं! फेऱ्यांच्या शेवटच्या मर्यादेवर आपटलं की आतला रॉकर जागा सोडतो. सगळ्या सिल्व्हियावाल्यांना ठाऊक असतं म्हणे, आपल्यालाच ठाऊक नव्हतं. म्हणून मर्यादा थोडी खाली ठेवायची आणि डब्यानं एकदम न तोडता हळूहळू आवळायचं. तेही डब्यात लिहावं लागतं. कोण लिहिणार? तोच माणूस. आणि एस१५ चा सहा गिअरचा बॉक्स मुळातच नाजूक, म्हणून खालच्या गिअरमध्ये बूस्ट कमी ठेवायचा. पिंट्या आकडा विचारत राहिला, किती किलोवॅट होतील, किती होतील. ट्यूनर म्हणाला, चाकाशी मोजू तेव्हा सांगू. ते १४७ इंजिनाचे, डायनोवर चाकाशी मोजतात तेव्हा कमीच भरतात. पोरांना तेवढं ऐकायचं नसतं.

तर शेवटी डबा कुठला? अहो, हॅल्टेक!

आता पुढचं ऐका, खरी मजा तर पुढेच आहे. ट्यूनरनं स्वच्छ सांगितलं, की मी हॅल्टेक आणि लिंक दोन्ही नेहमी करतो, तुमच्या गाडीला दोन्ही चालतील, पण माझ्याकडे या इंजिनाचे हॅल्टेकवरचे नकाशे जास्त आहेत, म्हणून ते घ्या, तास कमी लागतील. मोटेकही करून देईन, पण तुम्हाला जे करायचंय त्याला ते लागत नाही आणि पैसे सेन्सरांना कमी पडतील. एवढं साधं. पिंट्या हो म्हणाला. मोटेकच्या पैशांतून डबा, कनेक्टर, सेन्सर, डायनोचे तास आणि ते रॉकर अडवायचे स्टॉपर, सगळं आलं, वर डिपॉझिटचे काही उरले.

पण घरच्या ग्रुपवर पाहिलंत का काय झालं? सिडनीच्या जावयांनी लगेच, "मी आधीच म्हटलं होतं!" आणि तो पिवळा फेटावाला चेहरा. अहो, तुम्ही कुठे म्हटलं होतंत? तुम्ही सिडनीचं म्हणून म्हटलं होतंत, ट्यूनरला ते येतं म्हणून घेतलंय! क्राइस्टचर्चवाला त्यावर नुसतं "ओके" म्हणाला. नुसतं ओके! मोदकांचा फोटो टाकला त्यालाही लाइक दिलं नाही. काकांनी बॅथर्स्टचा व्हिडिओ टाकला, मोटेक लिहिलेला, खाली एक शब्द नाही. ॲडलेडच्या पोरानं मात्र मनापासून लिहिलं, "टर्बो एवढा मोठा नसता तर माझंच बरोबर होतं." आणि खरं सांगू? बरोबरच होतं त्याचं. कंपनीचाच टर्बो ठेवून थोडा बूस्ट वाढवायचा असता, तर नीस्ट्यूनसारखं स्वस्त आणि सोयीचं दुसरं काही नव्हतं. सकाळची सुरुवात, एसी, सगळं कंपनीचं तसंच राहिलं असतं. पण पिंट्यानं आधी टर्बो घेतला, मग डबा शोधला, मग माणूस. सगळं उलटं. ती पोरगी म्हणते, आधी माणूस, मग तो म्हणेल तो डबा, मग टर्बो.

पिंट्याच्या आईला डबा कुठला याचं काही नाही हो. तिला झोंबलंय ते वेगळंच. पुरणपोळी येते का विचारायला जी पोरगी बोलावली, तिनं भाऊजींना सगळ्यांसमोर गप्प केलं. पण बोलायची सोय नाही, कारण पैसे वाचले. आणि शनिवारी दोघं पुन्हा डायनोवर निघालेत, डबे भरून देऊ का विचारत होती ती. जेवणाचे डबे. पुढचं काय ते मला ठाऊक नाही, मी कुणाच्या घरात डोकावत नाही.

आता तुमच्या धाकट्याचं. नाही, रागावू नका, पण परवा तो पिंट्याच्या गॅरेजात बसून जुनी पॉवर एफसी कितीला मिळेल विचारत होता, मी ऐकलं. त्याला सांगा, तोही असलाच डबा, जपानी एपेक्सीचा, बिघडला तर दुरुस्तीलाही माणूस शोधत फिरावं लागेल. जुनं स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नको म्हणावं. आणि त्याहून महत्त्वाचं, त्याच्या गाडीला अजून नवख्या चालकाची हिरवी पी लावलेली आहे. पी-प्लेटवाल्यांना इंजिनाची ताकद वाढवलेली गाडी व्हिक्टोरियात चालवताच येत नाही, मग डबा हॅल्टेकचा असो, लिंकचा असो, नाहीतर काकांच्या मोटेकचा.